अक्का, दत्ताचं वय मान्य झालं

अक्का,

दत्ताचं वय मान्य झालं. खंडपीठाचा आदेश आला तेव्हा तुमचं तेरावं होऊन गेलं होतं, पाहुणे पांगले होते आणि मी लातूरला परतून कॉलेजात रुजूही झाले होते. तुमच्या हाताखाली वकिली शिकणाऱ्या रुबीनाचा फोन आला. "काकू, झालं! जन्मठेप रद्द. गुन्हा घडला त्या दिवशी तो सज्ञान नव्हता, असं कोर्टानं लिहून दिलंय. सोडतील आता त्याला." बोलता बोलता ती रडायला लागली. मी रडले नाही. मी चिडले. उभ्या जन्मात तुम्ही कुठं वेळेवर पोचला नाहीत. माझ्या लग्नात नवऱ्याची बहीण यायची म्हणून अक्षता थांबवल्या होत्या, हे मुदखेडकडचे लोक अजून सांगतात. आणि इथून मात्र निकालाच्या आधीच उठून निघालात. एवढी कसली घाई होती?

तुम्ही किती खटले लढलात, कुठल्या समित्यांवर होतात, हे बाकीचे लिहितील. त्यांनी लिहावं. मला एवढंच लिहायचंय की आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्धं काम मला चालत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही मला यादीबाई म्हणायचात. पहिल्यांदा म्हणालात तेव्हा मला राग आला होता. शनिवारी नांदेडला येऊन मी तुमच्या ऑफिसातल्या फायली लावत होते. चालू खटले एकीकडं, संपलेले दुसरीकडं, जेलातल्या लोकांचे अर्ज वेगळ्या कप्प्यात. तुम्ही बडीशेप चघळत दारात उभ्या राहिलात आणि म्हणालात, "यादीबाई, मी मेल्यावर मला कुठल्या कप्प्यात ठेवणार?"

"उशिरा येणाऱ्यांच्या," मी म्हणाले.

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात, की खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर डोकावून पाहिलं. नणंद-भावजय असूनही आपलं जमलं ते त्या दिवसापासून. त्याआधी आपण नुसत्या नातेवाईक होतो.

दत्ता तुम्हाला सापडला तो कागदात नाही. तुम्ही कैद्यांचे अर्ज लिहून द्यायला जेलात जायचात. हा तिशीकडं झुकलेला, अंगानं भरलेला माणूस पॅरोलचा अर्ज घेऊन समोर बसला. चुलत्यांच्या बरोबरीनं बांधावरच्या मारामारीत होता, त्यात एक माणूस मेला, सगळ्यांना जन्मठेप झाली, अपीलही फेटाळलं गेलं. कागदावर सगळं संपलेलं होतं. तुम्ही सवयीनं विचारलंत, "किती शिकलास रे?"

"नववीत होतो जी. लगीन झालं अन् शाळा सुटली."

"आणि ही भानगड कधीची?"

"त्याच साली. लग्नाला चार महिनेबी झाले नव्हते."

तुम्ही पेन खाली ठेवलंत, असं रुबीना सांगते. आरोपपत्रात त्याचं वय एकवीस होतं. एकविसाव्या वर्षी नववीत कोण असतो?

तुम्ही कधीच कुणाला थेट वय विचारत नव्हता. "आपल्याकडं वय आकड्यात नसतं गं, ओळीत असतं," म्हणायचात. कोण कुणाच्या आधीचं, कोण पाठचं, धाकटी बहीण तेव्हा कितवीत होती, पाळण्यात कोण होतं. तशी ओळ लावत गेलात आणि दत्ता सतरा पुरी व्हायच्या आत येऊन थांबला. संध्याकाळी मला फोन केलात. नमस्कार नाही, काही नाही. "सुनंदा, अकरा वर्षं एका पोराला मोठ्यांच्या जेलात ठेवलंय आपण."

आपण, म्हणालात. पोलिसांनी नाही, कोर्टानं नाही. मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

कायदा तुम्ही मला भाजी निवडता निवडता समजावून दिला होता. पूर्वी असं होतं, की आरोपी लहान होता हे खटला चालू असतानाच सांगायचं. तेव्हा गप्प राहिलात तर पुढं कुणी ऐकून घेईलच असं नव्हतं. मग कायदा बदलला. गुन्ह्याच्या दिवशी ज्याची अठरा पूर्ण नव्हती, त्याला ते कधीही मांडता येतं. शिक्षा झाल्यावर, अपील संपल्यावर, तो बाप झालेला असला तरी. कोर्टाला ऐकावंच लागतं.

"कारण लहान माणसाला आपण लहान आहोत हे ओरडून सांगायचं सुचत नाही," तुम्ही म्हणालात. "ते मोठ्यांनी सांगायचं असतं. मोठ्यांनी नाही सांगितलं, तर त्याची सजा लेकरानं कामून भोगायची?"

मी विचारलं होतं, "आणि जो मेला त्याचं काय?"

मेथीची काडी हातात तशीच राहिली तुमच्या. "त्याला मी विसरत नाही. दत्ताला निर्दोष म्हणतच नाही मी. त्याच्या हातात काठी होती. गुन्हा त्याच्या नावावर राहणार, पुसला जाणार नाही. मी एवढंच म्हणते, की काठी पोराच्या हातात होती आणि सजा बाप्याची दिली. माणूस मेला म्हणून पोरगं मोठं होत नाही."

मी मेथीची दुसरी जुडी सोडायला घेतली.

शाळेचा उतारा मी मिळवला. त्यात नवल नव्हतं, कॉलेजच्या ऑफिसात माझं कामच ते आहे. चाकूर तालुक्यातल्या त्या शाळेचे हेडमास्तर आमच्याच कॉलेजात शिकलेले निघाले. शाळेत उशिरा घातलेला होता, तरी उताऱ्यावर सतराच निघत होती. मला वाटलं, संपलं काम. तुम्ही मान हलवलीत. खटल्यात दत्ताची आई, गयाबाई, बचावाची साक्षीदार होती. शपथेवर तिनं सांगितलं होतं, माझा पोरगा एकवीस वर्षांचा, लग्न झालेला, तो भांडणात नव्हताच. सरकारी वकील म्हणणार, शाळेत मास्तर अंदाजानं तारखा टाकतात, आईनं मात्र शपथेवर सांगितलंय. आणि तिशीच्या माणसाची हाडं तपासून डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही, तेव्हा सतरा होती का एकवीस. म्हणजे गयाबाईनंच येऊन सांगायला हवं होतं, की मी तेव्हा खोटं बोलले.

आपण दोघी तिच्या घरी गेलो. ज्या घरचं पाणी प्यायलं नाही त्या घरची केस लढायची नाही, हा तुमचा नियम. गयाबाईनं पाणी दिलं, चहा दिला, आणि सांगितलं, "एकवीसच व्हतं माझं लेकरू."

"मग नववीत कसं?"

"ढ व्हतं."

दारात सून उभी होती. सिंधू. तिनं खाली पाहिलं, पण तिच्या चेहऱ्यावरून हसू निसटलं ते तुम्ही पाहिलंत आणि मीही. बाहेर गोठ्यापाशी तिनंच तुम्हाला गाठलं. दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती गयाबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीशिवाय घेत नव्हते, दत्ताचा बाप नुकताच गेला होता, म्हणून भाऊ-बहिणीनं मिळून पोरांचं लगीन लावून दिलं. ती तेव्हा आठवीत. पोलीस दत्ताला न्यायला आले तेव्हा गयाबाईला वाटलं, पोराचं खरं वय सांगितलं तर लग्नाचं निघेल आणि भावाला धरून नेतील. म्हणून एकवीस. एकदा सांगितलं ते सांगितलं. आणि पुढं सगळी वर्षं त्याच भावानं बहिणीचं घर चालवलं, मग तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही.

मला त्या बाईचा संताप आला. परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, सरळ समन्स काढा, पिंजऱ्यात उभी करा, बोलेल खरं.

"ओढून आणलेली साक्षीदार खोटंच बोलते," तुम्ही म्हणालात. "तिच्यापुढं दोन माणसं हायत सुनंदा, एक पोटचा आणि एक पाठचा. एकाला वाचवायला दुसऱ्याला द्यायचं. तू कुणाला देशील?"

"मी असं लग्नच लावलं नसतं."

"हाव बाई. तू यादी केली असतीस."

मग जे बोलले त्याच्यावरच आपलं खरं भांडण झालं. मी विचारलं, "दत्ताला कायदा कधीही येऊन विचारायची मुभा देतो. सिंधूला काय देतो?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत सांगितलंत, की लहानपणी लावलेलं लग्न रद्द करून मागता येतं. पण विसाव्या वर्षापर्यंतच.

"ती आत्ता पंचवीसची आहे."

"हो."

"म्हणजे त्याचं दार कायम उघडं आणि तिचं बंद. दोघंही त्याच वर्षी लहान होती, दोघांनाही त्याच मोठ्यांनी मोठं केलं."

"काडीमोड मागता येतो तिला."

"त्यात लग्न झालं होतं हे मान्य करून मग मोडायचं. ते झालंच नव्हतं असं म्हणायची सोय नाही."

"एका वेळी एकच दार ढकलता येतं, सुनंदा."

"आणि ते दर वेळी पोराचंच असतं, अक्का."

नांदेडला पोचल्याचा फोनही केला नाहीत. काही दिवसांनी केलात तेव्हा एवढंच बोललात, "तुझं म्हणणं खरं आहे. माझ्याकडं उत्तर नाही." आणि ठेवून दिलात. तीस वर्षं कोर्टात उभं राहिलेल्या बाईनं असं सांगणं किती अवघड असेल, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मी फक्त जिंकल्यासारखी स्वयंपाकाला लागले.

मग येळवस आली. तुम्ही मला म्हणालात, मार्गशीर्षातल्या अमावस्येला सुट्टी टाक, ज्ञानोबाच्या शेतात जेवायला जायचंय. ज्ञानोबा म्हणजे गयाबाईचा भाऊ, सिंधूचा बाप. मी म्हणाले, बोलावलंय का त्यानं? तुम्ही म्हणालात, येळवशीला बोलवावं लागतं का?

खरंच लागत नाही. त्या दिवशी सगळं लातूर शेतात असतं, दुकानांना कुलपं असतात, आणि बांधावर आलेल्याला जेवल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली होती, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते, सभोवती ज्वारी उभी होती. ज्ञानोबानं आपल्याला लांबूनच ओळखलं.

"या वकीलबाई. सण हाय म्हणून. न्हाई तर बांधावरूनच रामराम घातला असता."

"म्हणून तर आजचा दिवस धरला मामा. इतर दिवशी तुम्ही कुत्रं सोडलं असतं."

"कुत्रंबी तुमालाच सामील हाय, बगा की." खरंच ते तुमच्या पायाशी येऊन बसलं होतं.

गयाबाई होती, सिंधू होती. पानं वाढली. डाळी-भाज्या घोटून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि आंबील. तुम्ही आंबील मागून मागून प्यायलात. केसबद्दल एक अक्षर नाही. मी तुम्हाला कोपरानं ढोसत होते, तुम्ही मला आणखी एक उंडा वाढायला लावलात. मग तुमचं लक्ष ज्ञानोबाच्या देवणी बैलांकडं गेलं. काळी-पांढरी, लांब कानांची, देखणी जोडी. तुम्ही अगदी मनापासून विचारलंत, कुठून आणली?

"आणली न्हाई, घरची पैदास हाय," ज्ञानोबा खुलला. "ह्यांची आजी लई गुणाची गाय. सिंधूच्याच हातची. सिंधू सातवीत व्हती तवा पयल्यांदा व्याली. अन् तिचं दुसरं वेत झालं, ते सिंधूच्या लग्नाच्या..."

तो थांबला. आपण केवढं बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं. सातवी, आणि पुढचं वेत, म्हणजे आठवी. ओळ लागली होती, आणि ती त्यानंच लावली होती.

दुसरी कुठलीही वकील असती तर तिथं झडप घातली असती. तुम्ही म्हणालात, "सिंधू, भज्जी आण गं अजून. काय चव आलीय!"

सिंधूनं भज्जी आणली नाही. ती तिथंच उभी राहून बोलली. "आठवीत व्हते म्या. पुस्तकं आली व्हती नवी. तुमी शाळेत वापस नेऊन दिली, बाबा."

"सिंधू, गप."

"गपच हाय की. आत्या गप, म्या गप, त्यो जेलात गप. बोलून कोन राहिलंय?"

"मला धरून नेलं म्हंजे बरं वाटंल का तुला?"

तेव्हा कुठं तुम्ही तोंड उघडलंत. "मामा, त्या लग्नाचा खटला आता उभा राहत नाही. त्याची मुदत कधीच सरली."

"कागदावर सरली असंल बाई. गावात सरत न्हाई." तो हात न धुताच उठला होता. "म्या पंचायतीत बसतो. पोरीचं लगीन लवकर करू नका म्हणून लोकाला म्या सांगतो. माझ्यावर थुकतील लोकं."

मला वाटलं तुम्ही आता समजूत घालाल. तुम्ही घातली नाहीत. "थुंकतील," म्हणालात. "काही दिवस थुंकतील. पण मामा, दत्ता आता काठीची सजा भोगत नाही. लहान म्हणून त्याला जी झाली असती ती कधीच संपली असती. आता तो तुमच्या अब्रूची सजा भोगतोय. ती किती वर्षांची आहे ते तुम्हीच सांगा, म्हणजे त्याला तसं कळवते."

ज्ञानोबा बैलांकडं निघून गेला. गयाबाई ताटावर तशीच बसून राहिली, घास हातात धरून. आपण निघालो. रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "काय झालं मग?"

"जेवण झालं," तुम्ही म्हणालात.

संक्रांत झाल्यावर ज्ञानोबा नांदेडला आला. एकटा नाही, बहिणीला घेऊन. त्या दिवशी मी तुमच्या ऑफिसात होते, म्हणून ते मला बघायला मिळालं. तो बसला नाही. "तारीख कवा हाय ते सांगा. हिला म्या घिऊन येतो. अन् मलाबी उभं करा." तुम्ही सांगितलंत, तुमची साक्ष लागणार नाही मामा. तो म्हणाला, "तुमाला लागत नसंल. मला लागती."

तो गेल्यावर तुम्ही खुर्चीत बसलात आणि डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, थकलात. तुम्ही म्हणालात, "सुनंदा, मी त्याला लई वाईट बोलले त्या दिवशी. सणाच्या दिवशी, त्याच्याच शेतात, त्याचंच खाऊन." खटला जिंकायची वेळ आली होती आणि तुम्हाला त्याच्या अब्रूची फिकीर लागून राहिली होती. म्हणूनच तुम्हाला अक्का म्हणताना मला कधी जड गेलं नाही.

खंडपीठानं वयाची चौकशी लातूरच्या कोर्टाकडं सोपवली होती. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून मागच्या बाकावर बसले. गयाबाई पिंजऱ्यात उभी राहिली, आणि तुम्ही पहिला प्रश्न मुलाचा विचारलाच नाहीत. "गयाबाई, तुमच्या भावाचं नाव काय?" तिनं सांगितलं. एकदा ते नाव तोंडातून गेलं आणि पुढचं सगळं सरळ येत गेलं. लग्न कुठं लावलं, कुणी लावलं, पोलिसांना काय सांगितलं, का सांगितलं.

सरकारी वकील माणूस वाईट नव्हता, आपलं काम करत होता. त्यानं विचारलं, "बाई, तेव्हाही तुम्ही शपथ घेतली होती. तेव्हा एकवीस सांगितलंत. आज मुलाला सोडवायला सतरा सांगताय."

"तवा खोटं बोलले, साहेब. लगीन लपवायचं व्हतं."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

गयाबाईनं मागं वळून पाहिलं. ज्ञानोबा भिंतीशी उभा होता, टोपी हातात घेऊन. ती म्हणाली, "आज म्या माझ्या भावाचं नाव घिऊन राहिले. खोट्यासाठी कुनी भावाचं नाव घेतंय का? मला काय सजा द्यायची ती द्या."

न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवलं. तुम्हाला विचारलं, आणखी काही विचारायचंय? ज्या बाईचे प्रश्न कधी संपायचे नाहीत, घरात भाजीवाल्यालाही जी उलटतपासणीला घ्यायची, ती म्हणाली, "नाही." आणि खाली बसली. मी तुमचे अनेक युक्तिवाद ऐकले, अक्का. त्या एका शब्दाइतका चांगला एकही नव्हता.

त्या दिवशी कोर्टाच्या आवारात चहा घेताना तुम्ही सिंधूला बाजूला घेतलंत. मी मुद्दाम जवळ उभी राहिले. तुम्ही तिला विचारलंत, "तुला काय पाहिजे, सिंधू?" मला वाटतं, हा प्रश्न तिला जन्मात पहिल्यांदा कुणी विचारला असेल. घरी बसून सतरा नंबरचा फॉर्म भरत ती दहावी झाली, बारावी झाली, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते, सासूचं सगळं बघते. पण तिला पाहिजे काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिनं लगेच उत्तर दिलं. म्हणजे तिनं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. "आधी त्यो भायेर येऊ द्या अक्का. आत असलेल्या माणसाला सोडलं, तर मलाच कैद झाल्यावानी वाटंल. भायेर आला म्हंजे मंग माझं बघू."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. त्या नजरेत, भांडण चालू आहे यादीबाई, असं होतं. मी समजले. पुढचं आपण नंतर बोलणार होतो. तुमच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं, शेवटच्या फोनवर म्हणालातही, "सिंधूचं मी बघून राहिले, एक रस्ता दिसतोय. भेटल्यावर सांगते." कुठला रस्ता, अक्का? रुबीनाला विचारलं, तिला माहीत नाही. तुमच्या त्या पसाऱ्यात मी शोधलं. काही नाही. माणूस आठवतो म्हणून तुम्ही लिहून ठेवायचा कंटाळा केलात, आणि मग माणूसच राहिला नाही. यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे स्पष्ट सांगते.

आता दत्ता सुटला त्या दिवसाचं.

जेलच्या दारापुढं आम्ही उभे होतो. गयाबाई, ज्ञानोबा, रुबीना, मी आणि थोडी मागं सिंधू. तो बाहेर आला तेव्हा हातात एक पिशवी होती आणि उन्हात आल्यासारखे डोळे बारीक केले होते, खरं तर आभाळ होतं. गयाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. ज्ञानोबा समोर जायला धजत नव्हता. दत्ताच त्याच्याकडं गेला आणि वाकला. "मामा," एवढंच म्हणाला. ज्ञानोबानं त्याला उठवलं आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मग दत्तानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "वकीलबाई न्हाई आल्या?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं, आणि जे करायचं ते लवकर करावं म्हणून मीच सांगितलं. तो पिशवी खाली ठेवून उकिडवा बसला. मग म्हणाला, "त्या मला पोरगं म्हणायच्या. 'काय रं पोरा, जेवलास का?' आत मला कुनी पोरगं म्हणलं न्हाई कधी. मला वाटायचं, म्हाताऱ्या बाईची सवय असंल."

सवय नव्हती ती. तुमचा सगळा युक्तिवादच तेवढा होता. पण हे मी त्याला म्हटलं नाही.

तो उठला आणि सिंधूपुढं जाऊन उभा राहिला. लग्नानंतर चार महिनेसुद्धा धड एका घरात न राहिलेली दोन माणसं. भेटीला ती गेली होती अधूनमधून, सासूबरोबर, जाळीपलीकडून. तो तिला अहोजाहो करत बोलला. "तुमी लई केलं माझ्या मायचं."

"आत्या हाय माझी," सिंधू म्हणाली. "तुमच्यासाठी न्हाई केलं."

तो हसला. तीही हसली. गयाबाई लगेच पुढं झाली, "चला गं, घरी चला, पुरणाचं शिजवून आलेय."

सिंधू म्हणाली, "तुमी व्हा पुढं, आत्या. म्या काकूसंगं लातूरला चाललेय."

गयाबाईचा चेहरा उतरला. ज्ञानोबाच्या कपाळाला आठी पडली. "आज? आजच्या दिवशी? लोकं काय..." एवढं बोलून तो थांबला. आणि अक्का, तुम्हाला सांगते, त्या माणसानं ते वाक्य गिळलं. पाकीट काढलं आणि सिंधूच्या हातात बसच्या तिकिटाचे पैसे ठेवले. दत्ता म्हणाला, "जाऊ द्या त्यांला. मलाबी आधी घर ओळखू द्या."

मला यातलं काहीच आधी माहीत नव्हतं. माझ्या घरी त्या दिवशी पाहुणी येणार हे कुठल्याच यादीत नव्हतं. मी म्हणाले, चल.

बस लागली होती. आम्हाला मागची जागा मिळाली. शहर मागं पडलं. सिंधूनं अचानक विचारलं, "काकू, अक्कांनी माझ्यासाठी काय रस्ता काढून ठिवला व्हता का? त्या म्हणल्या व्हत्या मला, बघते म्हणून."

मला खोटं बोलता आलं असतं. तुमच्या नावावर एखादा चांगला सल्ला घालता आला असता, शिकायला जा, कोर्टात अर्ज कर, त्याच्याबरोबर नांद, नांदू नको. तुम्ही नाहीत, कोण विचारणार होतं? पण मोठ्यांनी लहानांसाठी ठरवून ठेवण्यातूनच हे सगळं झालं होतं. मी सांगितलं, "नाही गं. शोधलं मी. काहीच ठेवलं नाही त्यांनी."

तिनं पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मंग म्याच ठरवते."